वेग, बळ आणि कलम चौथे

सिद्धांत मांडायला हरकत नसते. जगात पुष्कळ माणसं सिद्धांत मांडतात आणि संध्याकाळी धडधाकट घरी जातात. चूक होते ती सिद्धांत स्वतःच्या अंगावर सिद्ध करून दाखवायला निघाल्यावर. हे मी उताणा पडून सांगतो आहे, कारण डाव्या बाजूच्या दोन बरगड्यांना तडा गेल्यामुळे कुशीवर वळायची सोय उरलेली नाही. खोकू नका, शिंकू नका आणि शक्यतो हसू नका, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. तिसऱ्या सूचनेची गरज नव्हती.

सुरुवात झाली ती कराटेच्या क्लासबाहेरच्या बाकावर. आमची कन्या तेरा वर्षांची. अंगाने काडी, पण हात असा चपळ की टेबलावरून घरंगळलेला पेला जमिनीला लागायच्या आत तिच्या मुठीत असतो. (घरात पेले घरंगळवण्याचं खातं माझ्याकडे आहे.) गेल्या सत्रात ऐन वेळी ताप आल्याने तिची हिरव्या बेल्टची परीक्षा बुडाली होती, आणि तेव्हापासून ती त्या एका परीक्षेच्या ध्यासाने जगत होती. शाळेच्या अभ्यासाच्या बाबतीत असला ध्यास तिला कधी लागला नाही, पण तो विषय वेगळा. परीक्षेच्या शेवटी दोन मिनिटांची लढत असते, तीत जो आडवा झाला त्याचा बेल्ट गेला, आणि तिची जोडी लागणार होती वर्गातल्या सर्वांत दांडग्या मुलीशी. त्या संध्याकाळी सरावात त्या मुलीने हिला नुसता खांदा लावला आणि आमची कन्या मॅटच्या बाहेर, चपलांच्या ढिगात जाऊन बसली.

त्या मुलीचे वडील माझ्या शेजारीच होते. बाकाचा पाऊण भाग त्यांनी व्यापला होता आणि उरलेल्या पावात मी होतो. त्यांचा घरसामान हलवण्याचा धंदा आहे. लोखंडी कपाट पाठीवर घेऊन तीन मजले एका दमात चढतात, म्हणून सगळे त्यांना कपाटवाले म्हणतात. कन्या डोळे पुसत बाहेर आली तेव्हा मी तिला समजावलं की घाबरू नकोस, लढाईत शेवटी वेग जिंकतो, नुसतं बळ काही कामाचं नाही. कपाटवाल्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "असेल."

ते 'नाही' म्हणाले असते तर मी सोडून दिलं असतं. 'नाही' म्हणणारा माणूस निदान आपलं ऐकून घेतो. 'असेल' म्हणजे तुमचं म्हणणं खोडून काढण्याच्याही लायकीचं नाही. मी पंधरा मिनिटं बोललो. साप आणि मुंगसाचं उदाहरण दिलं. एवढासा डास एवढ्या मोठ्या माणसाला रात्रभर कसा नाचवतो, हे सविस्तर सांगितलं. डासाचं उदाहरण मला विशेष आवडलं होतं. कपाटवाले म्हणाले, पण सकाळी डास मेलेला असतो. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या दोन बायका हसल्या. माझी कानशिलं तापली, आणि नेमकं त्याच वेळी कन्येने विचारलं, "बाबा, तुम्ही करून दाखवाल?"

आता यावर कोणता बाप 'नाही' म्हणेल? शहाणा बाप म्हणेल. पण कराटेचे सर मागेच उभे होते. त्यांना महिन्याभरावर आलेल्या पालक-दिनाला काय करायचं हा प्रश्न पडला होता. दरवर्षी पालकांची रस्सीखेच होते आणि दरवर्षी कुणाची तरी कंबर धरते. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की यंदा रस्सीखेच रद्द, त्याऐवजी वेग विरुद्ध बळ असा एक सामना. आणि माझ्या हातात संमतीपत्राचा कागद ठेवला.

माझा खरा घात त्या कागदाने केला. मी एका मोठ्या कंपनीच्या करार विभागात सव्वीस वर्षं मसुदे करतो. मसुदा म्हणजे समोरच्याला पळायला जागा राहणार नाही अशा बेताने लिहिलेला कागद. माझ्या मसुद्यातून आजवर एकही ठेकेदार निसटलेला नाही. आणि सरांचं संमतीपत्र होतं चार ओळींचं. 'मी स्वखुशीने भाग घेत आहे. दुखापत झाल्यास क्लास जबाबदार नाही.' बास. माघारीची तरतूद नाही, दंड नाही, 'भाग' म्हणजे काय याची व्याख्या नाही. ज्या कामाचा मी पगार घेतो त्याची अशी विटंबना उघड्या डोळ्यांनी पाहणं मला शक्य नव्हतं. मी कागद घरी आणला आणि तीन संध्याकाळी बसून त्याची सात पानं केली.

करार विभागातला पहिला धडा असा की समोरचा पक्ष ऐन वेळी पळतो. तो पळेल कुठून याचा विचार करायचा आणि ती ती वाट लिंपून टाकायची. म्हणून चौथ्या कलमात मी घातलं की जो पालक माघार घेईल त्याच्या पाल्यास त्या सत्राच्या बेल्टच्या परीक्षेस बसता येणार नाही. सामना सुरू असताना पळू नये म्हणून सातव्या कलमात लिहिलं की मॅटबाहेर तिसऱ्यांदा पाऊल पडल्यास ती माघार समजली जाईल. आपसात ठरवून लुटुपुटूचं भांडू नये म्हणून आठवं, त्यात हात राखून मारायला मनाई. ऐन दिवशी कुणी तापाचं निमित्त सांगू नये म्हणून नववं, त्यानुसार डॉक्टरचा दाखला पंधरा दिवस आधी देणं भाग होतं. अकराव्या कलमाप्रमाणे या करारात बदल करायचाच तर सर्व पक्षांच्या सह्या लागणार होत्या, आणि त्यानेही कलम चारला बाध येणार नव्हता. हे सगळं लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर कपाटवाले होते. पळणारा पक्ष आपणही असू शकतो हे सव्वीस वर्षांत माझ्या मनात आलेलं नाही, कारण कंपनी कधी पळत नाही.

सरांनी न वाचता सही केली. परीक्षा कराटे संघटनेतर्फे होतात म्हणून त्यांनी सातही पानं संघटनेच्या चिटणीसांकडे शिक्क्यासाठी पाठवली. कपाटवाल्यांनी मात्र कागद घरी नेला, दोन दिवस ठेवला आणि पानापानावर सही करून आणून दिला. तेव्हाच मला जरा वेगळं वाटायला हवं होतं.

सराव सुरू झाला. नवशिक्यांच्या वर्गात उंचीप्रमाणे रांग लावतात, पण बेल्ट आधी बघतात, त्यामुळे पांढऱ्या बेल्टची सात-सात वर्षांची सहा मुलं आणि त्यांच्या शेवटी मी अशी रांग झाली. गणवेश सरांच्या कुणा धिप्पाड माजी विद्यार्थ्याचा होता. मी वळलो की तो थोड्या वेळाने वळायचा. घरी कन्या मला बाजूला सरकायला शिकवायची. तिचं म्हणणं, सगळं त्या एका पावलात आहे. समोरचा अंगावर आला की मागे जायचं नाही, फक्त एक पाऊल तिरकं टाकायचं. तो त्याच्या जोरात पुढे जातो आणि आपण त्याच्या बाजूला उभे असतो. ती हे करून दाखवायची तेव्हा ती हललेली मला दिसायचीच नाही. आधी इथे होती आणि मग तिथे. मी करायचो तेव्हा दाराच्या चौकटी मध्ये यायच्या. बायको पलंगावर बसून मोज्यांचे गोळे मारायची आणि मी ते चुकवायचे असा एक प्रकार होता. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण तिचा नेम इतका अचूक असेल याची मला कल्पना नव्हती.

बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. खालच्या मजल्यावरच्या काकू मुद्दाम वर येऊन म्हणाल्या की मारायचं-चुकवायचं राहू द्या, आधी पडायला शिका. त्या सत्तरीच्या आहेत, न्हाणीघरात तीनदा पडल्या आणि एकदाही हाड मोडलं नाही. कसं पडायचं ते त्यांनी आमच्या सोफ्यावर करूनही दाखवलं. मी सौजन्याने पाहिलं, पण मनातून मला राग आला. मी जिंकायची तयारी करत असताना मला पडायचं शिकवणं हा माझा अपमान होता. आज विचाराल तर एवढ्या सगळ्यांत उपयोगाचा सल्ला तेवढाच होता.

समोरच्या घरातले मास्तर चाळीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहेत. ते पहिल्या दिवसापासून माझ्या बाजूचे. त्यांनी वहीच काढली. ऊर्जेच्या सूत्रात वजन एकदाच येतं, पण वेगाचा वर्ग होतो, म्हणजे निसर्गच वेगाच्या बाजूचा आहे, असं त्यांनी मला पटवून दिलं. माझं वजन छप्पन्न, कपाटवाल्यांचं एकशे बारा. तेव्हा बरोबरीला यायला मला त्यांच्या साधारण दीडपट वेग पुरेल. दीडपट म्हणजे काहीच नाही, असं आम्हा दोघांचंही मत पडलं. मग त्यांनी मला जिन्यासमोरच्या बोळातून आठ वेळा पळवलं आणि घड्याळ लावून आकडे लिहून घेतले. दुसऱ्या दिवशी ते कुणाच्या तरी बिऱ्हाडाचं सामान उतरत होतं तिथे जाऊन उभे राहिले आणि कपाटवाल्यांनाही मोजून आले. संध्याकाळी आले ते वही मिटूनच.

"तुमचा वेग त्यांच्या पाऊणपट भरतो," ते म्हणाले.

मी विचारलं की मोजलं तेव्हा त्यांच्या पाठीवर कपाट होतं की नव्हतं. मास्तर म्हणाले, होतं.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा माझाच मसुदा परक्याच्या नजरेने वाचला. पळवाट शोधायची म्हणून वाचला. पहिल्या पानापासून सातव्यापर्यंत दोनदा वाचला आणि एकही सापडली नाही. इतकं चोख काम मी कंपनीसाठीही कधी केलं नव्हतं.

तरी मी डॉक्टरकडे गेलो. गेली दहा वर्षं हे डॉक्टर माझी साखर, माझा रक्तदाब आणि माझं पोट या विषयांवर मला फैलावर घेत आले आहेत. म्हटलं, आता त्यांच्या ज्ञानाचा काही उपयोग होईल. त्यांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि उठून माझा हात हातात घेतला. रोजच्या सरावामुळे साखर उतरली होती, रक्तदाब ठिकाणावर आला होता, पोटसुद्धा आत गेलं होतं. तुमच्यासारखा पेशंट मी पाहिला नाही, असंच चालू ठेवा, असं म्हणून त्यांनी बाहेर बसलेल्या तिघांना माझं उदाहरण दिलं. अर्थात आजार निघाला असता तरी फायदा नव्हता. पंधरा दिवसांची मुदत उलटून चार दिवस झाले होते.

मग मी संघटनेच्या चिटणीसांना भेटलो. त्यांची कचेरी एका छापखान्यावर आहे. खाली यंत्र सुरू झालं की वर टेबलावरचे कागद चालू लागतात. मी नाव सांगताच ते उभे राहिले. आतल्या खोलीतून दोघांना हाक मारून त्यांनी सांगितलं की हेच ते. माझा मसुदा त्यांना इतका आवडला होता की संघटनेच्या सर्व क्लासना तोच लागू करायचं त्यांनी ठरवलं होतं. मी सहज विचारल्यासारखं विचारलं की समजा एखाद्या पालकाला काही अडचण आली, तर? चिटणीस मनापासून हसले. म्हणाले, "आम्ही तिघांनी आठवडाभर शोधलं, साहेब. एक फट नाही ठेवलीत." खोटं कशाला बोलू, क्षणभर माझी मान ताठ झाली. जिना उतरेपर्यंत ती परत जागेवर आली.

शेवटचा उपाय म्हणून स्वाभिमान गुंडाळून मी कपाटवाल्यांच्या गोदामात गेलो. ते एका मोठ्या आरशाला घोंगडी गुंडाळत होते. एवढी मोठी बोटं, पण गाठ अशी हलक्या हाताने मारत होते की मी बोलायचं विसरून पाहत राहिलो. त्यांनी मला एका बांधलेल्या खुर्चीवर बसवलं, चहा सांगितला आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाले की तुम्ही कशाला आलात ते कळलं मला.

"मी सगळं वाचलंय," ते म्हणाले. "चांगलं लिहिलंय. मी हळू मारलं असतं, साहेब, मला काय त्याचं? पण आठव्या कलमाप्रमाणे मला हळू मारता येत नाही. आणि रद्द करावं तर दोन्ही पोरींची परीक्षा जाते."

मी म्हणालो की कलमाकडे एवढं बघायचं कारण नाही, ते आपलं लिहायची पद्धत म्हणून लिहिलेलं असतं. हे वाक्य मी सव्वीस वर्षांत शेकडो ठेकेदारांच्या तोंडून ऐकलेलं आहे आणि प्रत्येक वेळी मला त्यांची कीव आली आहे. कपाटवाल्यांना माझी कीव आलेली स्पष्ट दिसली. ते म्हणाले, लोक आपलं अख्खं घर माझ्या सहीवर माझ्या गाडीत भरतात. सही केली म्हणजे पाळायला हवं. मी चहा पिऊन उठलो. चहा मात्र चांगला होता.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "सात पानं लिहिलीत, त्यात एक ओळ स्वतःसाठी ठेवायला काय झालं होतं?" कन्या पलीकडे तिचा गणवेश इस्त्री करत बसली होती. तिला वाटतं आम्हाला कळत नाही, पण ती सगळं ऐकत असते. इस्त्री बाजूला ठेवून ती म्हणाली, "बाबा, नसेल जमत तर राहू दे. मी पुढच्या सत्रात बसेन."

तिने हे इतक्या सहज म्हटलं की मला कळलं, तिने ते आधी आरशासमोर म्हणून पाहिलं असणार. म्हणून झाल्यावर तिने पुन्हा इस्त्री उचलली आणि तीच बाही पुन्हा पुन्हा दाबत बसली. मला स्वतःची मनस्वी लाज वाटली. एक पोर सहा महिने घाम गाळते, आणि तिचा बाप डासाचं उदाहरण देऊन तिची परीक्षा पणाला लावून येतो. मी म्हणालो, जमणार नाही कशाने? वेग म्हणजे वेग.

पालक-दिनाला ही गर्दी. आमच्या इमारतीतले झाडून सगळे आले होते. काकूंनी बरोबर उशी आणली होती, ती कशासाठी हे मी विचारलं नाही. चिटणीस जातीने हजर होते, हातात माझा मसुदा आणि खिशात मोजपट्टी. सरांनी वेग विरुद्ध बळ या विषयावर चार शब्द सांगितले. त्यांत वेगाचे प्रतिनिधी म्हणून माझी ओळख करून दिली तेव्हा सात वर्षांच्या सहा सहाध्यायांनी जोरदार टाळ्या वाजवल्या. माझ्या बाजूने तेवढेच होते.

सुरुवातीला एकमेकांना वाकून नमस्कार करायचा असतो. कपाटवाले वाकले. ते वाकले म्हणजे समोरून एक भिंत अंगावर येते. मी नमस्कार करता करता दोन पावलं मागे गेलो आणि टाच मॅटबाहेर पडली. चिटणीसांनी एक बोट वर केलं. सामना अजून सुरू व्हायचा होता, असं मी नम्रपणे निदर्शनास आणलं. त्यांनी तितक्याच नम्रपणे तिसऱ्या कलमातली 'सामना' या शब्दाची व्याख्या वाचून दाखवली. नमस्कारापासून, असं मीच लिहिलं होतं.

मग कपाटवाले पुढे आले. आणि इथे माझ्या हातून आयुष्यातली एकमेव चपळाई घडली. त्यांचा हात निघाला आणि मी तिरकं पाऊल टाकलं. खरोखर टाकलं. हात रिकाम्या हवेतून गेला. मास्तर जागेवर उठून उभे राहिले. कन्या ओरडली. पण पाऊल टाकायचं शिकलो होतो, थांबायचं शिकायचं राहिलं होतं. मी त्याच वेगाने मॅट ओलांडली, पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्या ओलांडल्या आणि काकूंच्या उशीत जाऊन थांबलो. चिटणीसांनी दुसरं बोट वर केलं.

मी परत आत आलो. कपाटवाले सावकाश येत होते. घाई त्यांना कशाचीच नव्हती. मी मागे सरकत सरकत कडेला पोहोचलो आणि टाचेला मॅटची शिवण लागली. तिरकं जाणं आता होणार नव्हतं, पुन्हा खुर्च्यांतच गेलो असतो. मागे मात्र एक पाऊल मोकळं होतं. एक पाऊल मागे टाकायचं, तिसरं बोट वर होणार, आणि सगळं संपणार. कपाटवाल्यांनाही ते दिसत असावं. ते क्षणभर थांबले. मला वाटतं त्यांनी मला वेळ दिला. आठव्या कलमात तेवढी जागा राहून गेली होती.

मी कन्येकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मला वाटतं मी पळालो असतो, कारण तिने मान हलवून मला जाऊ दिलं असतं. मी डोळे मिटले आणि तिथेच उभा राहिलो. पुढचं मला नीटसं सांगता येणार नाही. आवाज मोठा झाला असं म्हणतात. मी मॅटच्या आत पडलो होतो, हे चिटणीसांनी मोजपट्टी लावून ठरवलं. माझा कान कडेपासून दोन बोटं आत होता. माघार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. कपाटवाल्यांनी मला दोन्ही हातांवर उचललं आणि दवाखान्यात नेण्यासाठी त्यांच्या गाडीत ठेवलं. दारातून काढताना कुठेही धक्का लागू दिला नाही, आणि खाली घोंगडी अंथरली होती.

पुढच्या रविवारी परीक्षा होती. मी हा असा पडलेला, त्यामुळे बायको आणि मास्तर गेले. मी छताकडे पाहत वाट पाहिली. आठवडाभर मी मनाशी म्हणत होतो की बरगड्या गेल्या, अब्रू गेली, ऑफिसात माझा मसुदा आता कुणी गंभीरपणे घेणार नाही, पण पोर परीक्षेला बसली. एवढी एक गोष्ट मी नीट केली. ती येऊन पलंगाच्या कडेला बसली तेव्हा तिच्या डोळ्याखाली निळं झालं होतं आणि चेहरा मात्र उजळला होता. मी विचारलं, हिरवा?

"नाही," ती म्हणाली. "लढतीत गेले."

मागे दारात मास्तर उभे होते. त्यांनी खाली मान घालून सांगितलं की शेवटच्या दहा सेकंदांपर्यंत ही दोन गुणांनी पुढे होती. ती दांडगी पोर हिला एकदाही शिवू शकली नव्हती. मास्तरांनी वहीत सगळं लिहून घेतलं होतं, वेग जिंकतच होता. शेवटी ती पोर जीव खाऊन अंगावर आली. एक तिरकं पाऊल टाकायचं होतं. झोपेतही टाकेल ती ते.

"मग टाकलं का नाहीस?"

"मी कडेला होते, बाबा. टाकणारच होते." ती माझ्याकडे बघून हसली. "पण मग मला तुम्ही आठवलात. मग मी हललेच नाही."

ती पुढेही बोलत होती. सर काय म्हणाले, पुढच्या सत्रात पुन्हा बसणार आहे, कपाटवाल्या काकांनी तिच्या पाठीवर थाप मारून तुझ्या बापाची पोर शोभतेस म्हटलं. मी ऐकत होतो. तिने माझा हात धरला होता आणि मला हमसून रडायचं होतं, पण बरगड्यांमुळे तेही करता येत नव्हतं.